अण्णासाहेबांचा अर्धा कोरा कागद

वाशीमचे ज्येष्ठ वकील श्री. केशवराव जांभरुणकर, म्हणजे आम्हां सर्वांचे अण्णासाहेब, पंचाहत्तरी पूर्ण करीत आहेत! गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला लिहायला सांगितले तेव्हा "जरा संयमाने लिहा" असेही बजावले. पण ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो, त्यांच्याकडेच हा गुण नव्हता, तर मी तो आणू कुठून? खटल्याचा धागा सापडला की अण्णासाहेब भर ओसरीत टाळी वाजवीत. त्यांच्या शिष्याने आज मोजूनमापून आनंद करावा, हे व्हायचे नाही.

पहिली भेट त्या ओसरीतलीच. नागपुराहून वकिलीची परीक्षा उतरून मी नुकताच आलो होतो आणि खिशात एका थोर गृहस्थांचे शिफारसपत्र होते. अण्णासाहेबांनी ते न वाचताच गादीखाली सारले. मग एक कोरा ताव घेऊन उभा मधोमध दुमडला आणि माझ्या हाती दिला. समोर एक शेतकरी बांधाच्या तंट्याची हकिकत सांगत होते. "हे बोलतात ते उतरून घ्या," एवढाच हुकूम झाला. मी झरझर लिहीत गेलो, आणि कागद वाया जाऊ नये म्हणून दुमडीच्या दोन्ही बाजू काठोकाठ भरल्या. अण्णासाहेबांनी ताव पाहिला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो. पण हे गृहस्थ यात आहेत कुठे? त्यांना बसायला तुम्ही जागाच ठेवली नाही."

त्यांची पद्धत मला त्या दिवशी कळली. दुमडीच्या उजवीकडे माणसाचे शब्द, जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत. डावी बाजू कोरी ठेवायची आणि तिथे टिपा करायच्या. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, उत्तर देताना शेजारी कोण उभे होते, माणूस कुठे अडला, कुठे हसला, आणि आपला स्वतःचा विश्वास कुठे बसला नाही. जे साक्षीदाराने स्वतः पाहिले त्यापुढे ते एक डोळा काढीत आणि जे नुसते ऐकले त्यापुढे कान. डोळा बरा साधायचा, कानाची मात्र हमखास करंजी व्हायची. एकदा धनजचे एक पक्षकार आपल्या जबानीत डोकावून म्हणाले, "साहेब, माह्या कागदावर येवढ्या करंज्या काहून काढल्या जी?" अण्णासाहेब म्हणाले, "कारण तुम्ही पाहिलं काहीच नाही, नुसतं ऐकलंय. सणाला घरी घेऊन जा!" पक्षकारही हसले, आणि ज्याने खरोखर पाहिले होते त्या चुलतभावाला दुसऱ्या दिवशी घेऊन आले.

परवाच्या महायुद्धात कागद मिळेनासा झाला. कचेऱ्यांतून लोक जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहू लागले, तरी अण्णासाहेबांनी डावी बाजू सोडली नाही. मी कुरकुर केली तेव्हा त्यांनी अक्षर बारीक केले, इतके बारीक की ते वाचणारे जगात दोघेच उरले. त्यातला एक मी, आणि दुसरे ते स्वतः, तेही चष्मा सापडला तर.

त्या कोऱ्या बाजूत आपपर नसे. एक बडे जमीनदार भरभक्कम खटला घेऊन आले. गोष्ट रंगवून सांगत होते आणि अण्णासाहेब मन लावून लिहीत होते. निघताना त्यांनी विचारले, "आमचं काय टिपलं वकीलसाहेब?" अण्णासाहेबांनी शांतपणे वाचले, "गृहस्थ खोटे बोलत आहेत. नोकराकडे पाहून बोलतात." जमीनदार पगडी सावरीत गेले, ते पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. अण्णासाहेबांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांनी आतून विचारले, "गेलं का घरी आलेलं काम?" अण्णासाहेब म्हणाले, "गेलं, आणि चहाही न घेता गेलं." काकूंनी तो चहा मला दिला.

काकूंचे नाव निघाले म्हणून सांगतो, साक्षीला येणाऱ्याला त्या घरी जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. तो आपल्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा, हे त्यांनी कधी विचारले नाही. आमच्याविरुद्ध साक्ष देऊन आलेले एक म्हातारे आमच्याच पंगतीला बसून पिठल्याची तारीफ करीत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. इथे मी डोळाच काढीन!

आता मुख्य गोष्ट. हा खटला आठवला की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

किन्हीराजा गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर कडब्याच्या गंज्या पेटल्या. दिवस बुडायच्या सुमारास आग लागली आणि गंज्यांच्या आडोशाला विसावलेला एक सालदार गडी जळून मेला. संशय आला तो मालेगावजवळ भाजीमळा करणाऱ्या महादेव माळ्यावर. नाल्याच्या पाण्यावरून त्याचे आणि त्या शेतकऱ्याचे भर बाजारात कडाक्याचे भांडण झाले होते आणि "पाहून घेईन" हे शब्द त्याच्या तोंडून गेले होते. महादेव म्हणे, त्या वेळी मी माझ्या विहिरीवर मोट हाकत होतो आणि शेजारच्या मळ्यातल्या सोनाबाईंनी मला पाहिले आहे. खालच्या चौकशीत सोनाबाईंना बोलावले. त्यांच्या जबानीत कारकुनाने लिहिले, "विहिरीवर कोण होते हे साक्षीदारास ठाऊक नाही." झाले! महादेवच्या बाजूने एकच माणूस होते, तेही गेले. खटला अकोल्याला वर गेला आणि पुढे फाशी दिसू लागली.

महादेवची बायको ओसरीत येऊन बसली. रडत नव्हती. म्हणाली, "सोनाबाई लबाड नाई, साहेब. पन थ्या असं काहून बोलल्या, मले समजून नाई राह्यलं."

अण्णासाहेबांनी चौकशीच्या कागदाची नक्कल काढली आणि वाचून बाजूला ठेवली. "यात डावी बाजूच नाही," ते म्हणाले. दमणी जुंपून आम्ही मालेगावला निघालो.

सोनाबाई वांगी तोडत होत्या. सासूबाई बांधावर बसल्या होत्या. अण्णासाहेब धोतर आवरून सरळ वाफ्याच्या कडेला बसले आणि मी कागद दुमडला.

"बाई, त्या सांजेला तुम्ही कुठं होता?"

"अथीच. मेथीले पानी देत होती."

"शेजारच्या विहिरीवर मोट चालू होती?"

"होती ना! दिवस बुडेपावतर चालू होती. कुईकुई आवाज येत होता चाकाचा."

"कोण हाकत होतं?"

"शेजारचे होते, जी."

"त्यांचं नाव?"

सोनाबाईंनी पदर कपाळावरून पुढे ओढला आणि त्या वांग्याच्या झाडाकडे पाहू लागल्या. अण्णासाहेबांनी पुन्हा विचारले. पुन्हा पदर आणखी पुढे. मी उजवीकडे लिहिले, "उत्तर नाही." अण्णासाहेबांनी कागद ओढून घेऊन डावीकडे लिहिले, "नाव विचारले की पदर. भीती नाही. लाज नाही. मान देतात तशी मान खाली."

लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. मग त्यांनी अगदी हळू विचारले, "बाई, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय हो?"

पदर हनुवटीपर्यंत आला!

अण्णासाहेब सासूबाईंकडे वळले. "आजी, तुम्ही सांगता?"

"मी कशी सांगू, बाप्पा? मालक होते माये," म्हातारी म्हणाली. आता आली का पंचाईत! साऱ्या मळ्यात ते नाव तोंडाने घेऊ शकेल असे माणूस नव्हते. म्हातारीलाच आमची दया आली. तिने गावाकडे बोट केले. "थ्या देवळात बेल कोनाले वाह्यते लोक? पिंडीवर? त्यायचंच नाव समजा."

अण्णासाहेबांनी अशी टाळी वाजवली की दमणीचे बैल दचकले. "महादेव! अरे, सासऱ्यांचं नाव महादेव! आणि आरोपीचं नाव महादेव!"

मग सोनाबाई मोकळेपणी बोलल्या. चौकशीत कारकुनाने "नाव सांग, नाव सांग" म्हणून तीनदा दरडावले होते. सासऱ्याचे नाव आयुष्यात तोंडाने घेतले नव्हते, आणि त्या नावाच्या शेजाऱ्यालाही त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. त्या गप्प राहिल्या. कारकुनाने काय लिहिले हे त्यांना आमच्याकडूनच कळले. त्या हातातले वांगे टाकून उठल्या. "मायबाप! माह्या तोंडी हे कोनं घातलं?"

अकोल्याच्या कोर्टात तोच कारकून सरकारपक्षाकडून साक्षीला उभा राहिला. अण्णासाहेबांनी विचारले, "बाई 'ठाऊक नाही' हे शब्द बोलल्या?"

"बोलल्या नाहीत."

"मग काय बोलल्या?"

"काहीच नाही. गप्प होत्या."

"मग हे वाक्य कुणाचं?"

कारकुनाने घाम पुसला. "गप्प म्हणजे ठाऊक नाही, असंच लिहितो आम्ही."

मी बाकाखाली पाय आपटीत होतो. मागे वळून पाहिले तर महादेवची बायको भिंतीला हात धरून उभी होती.

मग सोनाबाई आल्या. सरकारी वकील उठले आणि आवाज चढवून म्हणाले, "एका माणसाच्या गळ्याला दोर लागतोय आणि तुमच्याच्यानं एक नाव घेवत नाही?"

"जीव वाचवालेच आली, साहेब," सोनाबाई म्हणाल्या. "पन त्या नावाच्या मानसानं मले लेकीवानी नांदवलं. नाव नाई घेत मी. मानूस दाखोतो."

सरकारी वकील हसले. कोर्टातले आणखीही काही हसले. अण्णासाहेब मात्र हात जोडून न्यायाधीशांना म्हणाले, "महाराज, कायद्याला माणूस हवा आहे. नाव आम्ही कागदावर घालू. बाईंना चालत जाऊ द्या."

न्यायाधीशांनी मान हलवली. सोनाबाई पदर सावरीत पिंजऱ्यापर्यंत गेल्या, महादेवच्या समोर उभ्या राहिल्या आणि साऱ्या कोर्टाला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "हे. मोटीवर हे होते. आग दिसली तवा मोटीचे बैल सोडत होते."

महादेव सुटला! आग कोणी लावली हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. लोक अण्णासाहेबांना खोदून विचारीत, तुमचा संशय कोणावर? त्या खटल्याच्या कागदांवर शेवटची टीप त्यांच्या हातची आहे, "मला ठाऊक नाही." जिथे स्वतःला ठाऊक नव्हते तिथेच त्यांनी ते शब्द लिहिले. साहेबांचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो तो याचाच, आणि हे मी उघड सांगतो.

या ग्रंथासाठी आठवणी गोळा करायला मी परवा मालेगावला जाऊन आलो. महादेव आता नाहीत, त्यांची मुले तोच मळा करतात. सोनाबाई आहेत. दात गेले, पण आवाज खणखणीत आहे. मी म्हटले, "अण्णासाहेबांसाठी दोन शब्द सांगा, मी लिहून घेतो."

त्या एकेक सांगत गेल्या. "देवाले म्हना, त्यायचे गुडघे दुखू देऊ नको. भाकर गोड लागू दे. डोये शाबूत राहू दे, त्यायले लय वाचा लागते. घरात भांडन नको. बस."

मी लिहिले आणि उठू लागलो. त्यांनी माझ्या धोतराचे टोक धरले. "वाचून दाखवा पयले. थे वकीलसाहेब वाचून दाखवल्याबिगर उठत नव्हते."

मी खाली बसून वाचले. गुडघे झाले, भाकर झाली, डोळे झाले. शेवटी रीतीप्रमाणे मी पदरचे घातले होते, "ते शतायुषी होवोत."

"म्हंजे काय जी?"

"शंभर वर्षं जगोत."

"हे मी बोलली काय?"

"नाही."

"मंग कायले लिवलं? पंचाहत्तर त झाले म्हंता. म्हंजे आता पंचवीसच राह्यले. येवढे कमी मी काहून देऊ त्यायले? खोडा थे."

मी खोडले. म्हणून, अण्णासाहेब, आपल्या या गौरवलेखात शंभराचा आकडा आढळणार नाही. आपले गुडघे बरे राहोत, भाकर गोड लागो, डोळे शाबूत राहोत, काकू आणि आपण सुखात राहा, आणि आपली वर्षे कोणीही मोजू नयेत. हे मी सोनाबाईंना पुन्हा वाचून दाखवले आहे, आणि त्यांनी "बराबर हाय" म्हटले आहे.