चौदाव्या रांगेतलं रडणं: संभाजीनगर ते बंगळूर

सुमनने तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा मी तिकीट काढलं. ती माझी कॉलेजातली मैत्रीण, आता बंगळूरला मुलाकडे असते. रेल्वेने जायचं तर गाड्या बदलाव्या लागतात आणि ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये माझी कंबर टिकत नाही. विमान थेट जातं, दोन तासांच्या आत पोचवतं. तिकीट दीड-दोन महिने आधी घ्या. आयत्या वेळी घेतलंत तर किंमत बघून जाण्याची इच्छाच मरते.

क्रांती चौकातून रिक्षा केली. जालना रोडला सकाळी दहानंतर गर्दी असते, अर्धा तास हाताशी ठेवा. आपलं विमानतळ लहान आहे आणि तेच त्याचं सुख. चालावं लागत नाही, कुणी हरवत नाही. चहा मात्र घरूनच पिऊन निघा.

दारासमोर एक जीपभर माणसं एका मुलीला निरोप द्यायला आली होती. पंचविशीची असेल. कडेवर अडीच वर्षांचा मुलगा. जो तो त्याचे मुके घेत होता, आणि ते बघून मुलाने आधीच ओठ काढला होता. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ, तिचे सासरे, तिला सांगत होते, "पोरगं लई रडलं तर उतर खाली. मी जीप इथंच उभी ठेवतो. विमान वर गेल्याबिगर हलत नाय."

"मामा, विमानातून असं उतरता येत नसतं," ती म्हणाली.

"दार लागायच्या आधी येतंय की."

हे मात्र खरं होतं.

माझी जागा चौदाव्या रांगेत, कडेची. मधल्या जागेवर तीच मुलगी आली. कोमल तिचं नाव, गंगापूरजवळची. तिला चौदावी रांग दिली होती आणि अडीच वर्षांच्या शिवूला एकविसावी. जागा निवडायचे वेगळे पैसे लागतात हे तिला माहीत नव्हतं, म्हणून यंत्राने वाटल्या तशा मिळाल्या. खिडकीशी बसलेला एक विद्यार्थी न बोलता उठून मागे गेला, म्हणून निभावलं. आईला आणि लेकराला सात रांगा दूर बसवणाऱ्या कंपनीने नंतर लेकराच्या रडण्याबद्दल तोंड उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पट्टा लावला आणि शिवूने आभाळ फाडलं. अंग ताठ, पाय समोरच्या खुर्चीवर. मी तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक होते. आवाज चढवून मुलांना गप्प करता येतं असा माझा अनुभव. मी त्याला दटावलं. तो दुप्पट रडला.

पुढच्या रांगेतल्या कोटवाल्या गृहस्थांनी मान वळवली आणि कर्मचाऱ्यांना ऐकवलं. "अहो, यांना मागं बसवा, नाहीतर उतरवा. मला उतरल्या उतरल्या मीटिंग आहे."

खरं सांगायचं तर मीही मनातून त्यांच्याच बाजूची होते.

कोमल पट्टा सोडायला लागली. "उतरतेच मी, मावशी. लोकांना कशाला तरास."

"तिकडे कोण आहे तुझं?"

"याचे पप्पा. वाळूजच्या कंपनीत होते, आठ महिने झाले तिकडच्या प्लांटला पाठवलं. घरचे म्हणतात पोरगं लहान हाय, त्याला झेपायचं नाय, इथंच राहा. आज उतरले ना, तर हे शाळेत जाईपर्यंत मला कुणी पाठवत नाय." हे सांगताना तिचा एक हात शिवूच्या छातीवर होता आणि डोळे उघड्या दाराकडे.

तेवढ्यात कर्मचाऱ्यांपैकी वयाने मोठी एक बाई आली. अशा बायकांना हवाईसुंदरी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, ती कामातली बाई होती. "बच्चे को चुप कराइए" हे वाक्य तिने उच्चारलं नाही. आधी ती कोटवाल्यांकडे वळली. "सर, तीन नंबर में सीट खाली है. आप आगे आ जाइए. ये यहीं बैठेंगे." तक्रार ज्याची, त्याने हलायचं. तेही इतक्या अदबीने सांगितलं की गृहस्थ बॅग घेऊन उठलेच.

मग ती रांगेत वाकून उकिडवी बसली आणि कोमलला विचारलं, "घर पे ये किसमें घूमता है?"

"जीपमध्ये. नाहीतर पप्पाच्या गाडीच्या टाकीवर." मी हिंदी करून सांगितलं.

"बेल्ट कभी लगाया है?"

"जीपमध्ये पट्टा?" रडवेल्या तोंडानेच कोमल हसली. "तिथं हा डायव्हरपाशी उभा राहतो. या मांडीवरून त्या मांडीवर जातो. रडत नाय कधी."

म्हणजे मुलगा विमानाला घाबरलाच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी बांधून घातलं होतं. हे आईच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही. त्या बाईच्या दोन प्रश्नांत आलं.

प्रवाशांना पट्टा कसा लावायचा हे दाखवायला त्यांच्याकडे एक सुटा पट्टा असतो. तो तिने आणला आणि शिवूच्या हातात दिला. "ये तुम्हारा. पहले नानी का देखो, बराबर लगा है क्या?" शिवू हुंदके देत माझ्या पोटाकडे बघू लागला. माझी कडी त्याने उघडली, लावली, पुन्हा उघडली. टक्क आवाज झाला की तो थबकायचा. बाईने त्याचं बोट धरून दोन रांगा फिरवल्या. लोक मुकाट पोट पुढे करत होते. एक आजोबा म्हणाले, "साहेब, जरा ढिला ठेवा, आत्ताच जेवलोय."

परत आल्यावर तिने त्याचा पट्टा समोर धरला. तो म्हणाला, "मी." दोन्ही टोकं त्याने स्वतः जुळवली.

दार लागलं. बाहेर ती जीप अजून उभी असणार.

पुढचा सगळा प्रवास शांततेत झाला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. विमान उतरू लागताच शिवूचे कान दुखले असणार. घोट घोट पाणी पाजत राहायला त्या बाईने कोमलला आधीच सांगून ठेवलं होतं. कोमलने पाजलं, थोडा फरक पडला, तरी तो वीस मिनिटं रडला. आपलेही कान दडपतात, आपण नुसते जबडे हलवतो. तो रडला. कुणाचं काही बिघडलं नाही.

बाहेर त्याचे पप्पा उभे होते. शिवू आईच्या पायामागे दडला. मी कोमलचा नंबर घेतला आणि बसकडे निघाले, त्यांचं त्यांनी बघायचं होतं. विमानतळावरून शहरात जायला टॅक्सी करू नका. सरकारी वातानुकूलित बस स्वच्छ असते आणि टॅक्सीच्या चौथाई पैशांत नेते.

बंगळूरचे चार दिवस छान गेले. लालबागेत सकाळी सातच्या आत जा, नंतर शाळांच्या सहली येतात. डोसा उभ्याने खायच्या हॉटेलात खा. कॉफी इतकीशी देतात, पण पुरते. सुमनला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून आम्ही बाकावर बसून जगाला नावं ठेवली.

परतीच्या विमानातही मागे एक तान्हं रडत होतं. तिथल्या कर्मचारी मुलीने आईला तीनदा येऊन गप्प करायला सांगितलं. आई पोराला घेऊन संडासापाशी उभी राहिली आणि पोर काही गप्प झालं नाही. विमान तसंच, तिकीटही तेवढ्याच किमतीचं. फरक होता तो काम माहीत असलेल्या माणसाचा.

घरी आल्यावर कंपनीला पत्र लिहिलं. आजवर मी विमान कंपन्यांना तक्रारीचीच पत्रं लिहिली आहेत, त्यांतली दोन मुलांच्या गोंगाटाबद्दल. या वेळी त्या बाईचं नाव घालून तिची तारीफ केली आणि खाली तीन सूचना लिहिल्या. आई आणि मूल यांना जास्तीचे पैसे न घेता शेजारी बसवा. लहान मुलांना सगळ्यांत आधी आत घेता, त्यांना शेवटी घ्या, म्हणजे बांधून बसायचा वेळ कमी होईल. उतरताना कानांसाठी पाणी पाजायचं, हे तिकिटावरच छापा. मुलांसाठी वेगळ्या रांगा असाव्यात, असं मी पूर्वी म्हणत असे. ते मत मी सोडलं आहे.

आठवड्याने कोमलला फोन केला. शिवू आता पप्पांपाशी झोपतो म्हणाली. सासरे तिच्याशी अजून नीट बोलत नाहीत, पण आपल्या मुलाला, कोमलच्या नवऱ्याला, फोन करून विचारलं म्हणे, विमान वर गेल्यावर पोरगं किती रडलं. त्याने खरं तेच सांगितलं, शेवटची वीस मिनिटं.

"मग?" मी विचारलं.

"मामांनी पुन्हा इचारून घेतलं. मग म्हणले, वीसच?"