बॉडीकॅमसमोर थालीपीठ

"काका, पोलिसांना तुम्ही आणखी काय काय सांगितलंत?"

"सगळं," बोंद्रेकाका म्हणाले. "नकाशाही काढून दिला. अगदी मापात, टू स्केल."

मी टेक्ससमधल्या प्लेनो शहरात क्रिमिनल डिफेन्सची वकील आहे. आरोपीने स्वतःच्या गुन्ह्याचा नकाशा काढून द्यावा, हे माझ्या प्रॅक्टिसमध्ये पहिल्यांदाच घडत होतं. काका नागपूरचे रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, काकूंबरोबर इथे मुलाकडे राहतात. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये रिव्हर्स घेताना त्यांनी एका उभ्या गाडीचा दरवाजा चेपवला आणि चिठ्ठीसुद्धा न ठेवता निघून आले. टेक्ससमध्ये हा गुन्हा आहे, म्हणून पोलीस माग काढत घरी आले. त्यात त्यांचा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेला. गुन्हा शाबीत झाला असता तर सगळंच लटकलं असतं.

गंमत म्हणजे, त्या इंटरव्ह्यूसाठी काकांनी इथली राज्यघटना पाठ केली होती. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, ही पाचवी घटनादुरुस्ती त्यांनी मला घडाघडा म्हणून दाखवली.

"मग पोलिसांसमोर का नाही आठवली?"

"अगं, दारात आलेल्या माणसाशी बोलायचं नाही म्हणजे काय?" काकूच मध्ये पडल्या.

इथे थोडा कायदा सांगते. 'तुम्हाला गप्प बसण्याचा हक्क आहे' असं पोलीस बजावतात ते सभ्यपणा म्हणून नव्हे. इथल्या सुप्रीम कोर्टाच्या एका गाजलेल्या निकालाने त्यांना तसं करायला भाग पाडलंय. न बजावता चौकशी केली तर कबुलीजबाब सहसा पुरावा म्हणून चालत नाही. मेख एवढीच, की माणूस 'कस्टडी'त असायला हवा. म्हणजे कुणाही शहाण्या माणसाला वाटायला हवं, की आता आपल्याला इथून उठून जाता येणार नाही.

काकांचा कबुलीजबाब पुराव्यातून वगळावा, असा मी अर्ज ठोकून दिला. दोन धिप्पाड ऑफिसर, कमरेला पिस्तुलं, समोर सोफ्यावर एकटा म्हातारा. ही कस्टडी नाही तर काय? जजबाई मान डोलवत होत्या. मी मनातल्या मनात जिंकलेही होते.

मग प्रॉसिक्यूटरने, म्हणजे सरकारी वकिलाने, ऑफिसरच्या छातीवरच्या बॉडीकॅमचा व्हिडिओ लावला.

"वी शुड गेट गोइंग, मॅम," ऑफिसर म्हणतो. काकू दाराशी उभ्या. "नो, नो! विदाउट टी, नॉट पॉसिबल!" तो बसतो. थोड्या वेळाने पुन्हा उठतो. काकू त्याच्या प्लेटमध्ये दुसरं थालीपीठ वाढतात. तो पुन्हा बसतो. दुसऱ्याने तर दही मागून घेतलं.

"वकीलबाई," जजबाई म्हणाल्या, "त्या घरात कुणीतरी कस्टडीत होतं खरं. पण ते तुमचे क्लायंट नव्हते."

अर्ज फेटाळला. स्टेनोग्राफरसुद्धा हसत होती.

"काका, हरलो आपण," मी कॉरिडॉरमध्ये म्हटलं.

"हरलो कसले? गाडी मीच ठोकली ना," काका म्हणाले. "इंटरव्ह्यूच्या भीतीने पळालो गं. जन्मभर पूल बांधले, कधी कशापासून पळालो नव्हतो. पोलीस दारात आले तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तू मला परत त्यातच ढकलते आहेस."

मला आधी राग आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली. गाजलेल्या निकालावर भांडायची हौस माझी होती. त्यांना काय हवंय, हे मी विचारलंच नव्हतं.

मी प्रॉसिक्यूटरकडे गेले आणि सरळ सांगितलं, की माणसाने चूक केली आहे, ती त्याला मान्य आहे. इन्शुरन्सने गाडी दुरुस्त करून दिली, काकांनी माफीचं पत्र लिहिलं, ड्रायव्हिंगचा क्लास केला आणि केस डिसमिस झाली. इंटरव्ह्यू तेवढा पुढे गेला.

इंटरव्ह्यूला मी शेजारी बसले होते. "तुमच्यावर कधी केस झाली होती का?" इमिग्रेशनच्या ऑफिसरने विचारलं. एका वाक्यात उत्तर द्या, असं मी काकांना दहा वेळा बजावलं होतं. काका पाच मिनिटं बोलले. 'मी पळालो होतो' हे त्यांनी सगळ्यात आधी सांगितलं. मी डोळे मिटून घेतले.

ते पास झाले.

सुप्रीम कोर्टाचा तो गाजलेला निकाल मी लॉ स्कूलमध्ये तीनदा वाचला होता, परीक्षेत त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. पण गप्प बसण्याचा हक्क क्लायंटचा असतो, वकिलाचा नव्हे, एवढी साधी गोष्ट मला काकांकडून शिकावी लागली.