डावखुरं अस्वल

बाबांना पोट धरून हसताना मी एकदाच पाहिलं. गणपतीत गल्लीत पडदा लावून सिनेमा दाखवायचे आणि आधी सात-आठ मिनिटांचं कार्टून असायचं. त्यातलं अस्वल घर रंगवायला निघतं, शिडीवरून पडतं, रंगाचा डबा डोक्यात अडकवून घेतं आणि तरीही ऐटीत रंगवत राहतं. एरवी बाबांसमोर आम्ही खोकायलाही भ्यायचो. त्या संध्याकाळी हसता हसता त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

ते गेल्यापासून मी ते कार्टून शोधतोय. या नादापायी जुन्या कार्टूनची चाळीसेक रिळं घरात जमलीत. कपाट उघडलं की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि बायको नाक मुरडते. मला मात्र चैन पडत नाही. नवं रीळ आलं की पायातली चप्पल काढायच्या आधी मी प्रोजेक्टर काढतो.

गेल्या महिन्यात नांदगावच्या एका म्हाताऱ्या प्रोजेक्टरवाल्याकडे अस्वल सापडलं. त्याने भिंतीवर लावून दाखवलं. शिडी तीच, डबा तोच. पण माझं अस्वल डावखुरं होतं, आणि हे उजव्या हाताने रंगवत होतं!

"नक्कल आहे ही," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो आणि उठलो.

नाशिकला येऊन ताईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आपण पडद्याच्या मागे बसलो होतो ना! बाबांचे हार विकून होईपर्यंत पुढे जागा कुठली मिळायला? मागून सगळं उलटं दिसत होतं. अक्षरंसुद्धा."

मिळेल ती बस पकडली. मनमाडपर्यंत मी समोरच्या दांडीवर बोटं वाजवत होतो. पुढच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं.

रीळ आदल्याच दिवशी कुणीतरी नेलं होतं. नाव नाही, नंबर नाही. राग माझा माझ्यावरच होता, पण आवाज म्हाताऱ्यावर चढला.

"थोडं थांबायचं होतंत!"

"तुम्हीच बोलले ना साहेब, हे ते नाय म्हणून."

मी ते कार्टून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं होतं. ब्रश कोणत्या हातात आहे तेवढंच बघत होतो. एकदाही हसलो नव्हतो.