सगळ्या नवऱ्यांची मेहुणी

आखातातल्या बौशरच्या त्या वंध्यत्व क्लिनिकमधल्या नर्सचं नाव मी कधी विचारलं नाही. रत्नागिरीकडची, मुसलमान, पन्नाशीची. मराठी जोडपं दिसलं की बायकोला ताई म्हणायची आणि नवऱ्याला मेहुणीच्या हक्काने चिडवायची. बोलण्याआधी टेबलावर पेन आपटायची, जणू समोरचा झोपलाय.

"ताईला गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, नळ्यापण तपासल्या. तुमची गाडी अजून पार्किंगला लागतेच हाय काय, भावजी?"

मी खरंच पार्किंगमध्ये बसून राहायचो. गावी माझ्या आईने दोष सुनेचा ठरवून टाकला होता. मी तो तसाच राहू दिला, कारण मला स्वतःच्या तपासणीची भीती वाटायची.

शेवटी नर्सने बायकोची पुढची तारीख अडवली आणि माझ्या हातात डबी ठेवली. "आधी तुमचा नमुना. यल्ला, चला."

रिपोर्ट ऐकायला मी एकटाच आत गेलो. दोष माझ्यात निघाला. आयव्हीएफने जमेल, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन मी नर्सला हळूच म्हटलं, "बायकोला सांगा ना, सगळं नॉर्मल आहे म्हणून."

तिने पेन आपटलं नाही. आम्हा दोघांना रिकाम्या खोलीत नेलं. "ताई, भावजींना काय तरी बोलायचाय," म्हणाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

मी बोललो. बायकोने माझ्या हातातला रिपोर्ट घेऊन वाचला. मग म्हणाली, "आता हे आईंना सांगा."

मी मोबाईल काढला आणि रेंज नाही म्हणालो.

नर्सने दार उघडून धरलं. "जिन्यात मस्त येते, भावजी."