अण्णाच्या खोलीतला स्पीकर

एका रिसीव्हरला चार स्पीकर जोडायचे तर डोकं लागतं, आणि आमच्या घरात ते अण्णाकडं, माझ्या थोरल्या भावाकडं होतं. माझ्याकडं राग होता. भालकीहून मी हौसेनं रिसीव्हर आणला आणि चारही स्पीकरच्या तारा एकाच जागी पिळून कोंबायला निघालो. अण्णानं माझा हात धरला.

"आसं थेट जोडलास तर मशीनवर लोड येतंय. तापून जळतंय ते."

मग त्यानं दोन-दोनच्या जोड्या केल्या. एक जोडी बैठकीत आणि स्वयंपाकघरात, दुसरी त्याच्या खोलीत आणि मागं अव्वाच्या खोलीत. तारा भिंतीतल्या पायपांतून नेल्या. मी टॉर्च धरून उभा होतो. त्यातलं काही शिकून घ्यावं असं मला वाटलं नाही.

अव्वा म्हणजे आमची आई. तिचे गुडघे गेले होते. पलंगावर बसूनच ती लिंगपूजा करायची आणि त्या वेळी तिला स्पीकरवर वचनं, म्हणजे शरणांची कन्नड भक्तिपदं, लागायची. आमच्याशी दिवसभर मराठीत भांडणारी अव्वा देवाशी मात्र कन्नडच बोलायची. एखाद्या दिवशी वीज नसली तर पूजा लांबवायची, पण वचनांवाचून करायची नाही.

गेल्या वर्षी आम्हा भावांची वाटणी झाली. कशावरून, ते सांगण्यासारखंही नाही. घरात भिंत उभी राहिली. अण्णाची खोली त्याच्या बाजूला गेली, अव्वा माझ्याकडं राहिली. मशीन माझं, मग स्पीकरही माझेच, म्हणून मी पक्कड घेऊन त्याच्या खोलीत शिरलो.

अण्णा दारात उभा होता. "ते काढू नको. काढलास तर..."

"मला शिकवू नको," मी म्हणालो. तार तोडली, टोकांना टेप गुंडाळला आणि स्पीकर काखोटीला मारून निघून आलो. जिंकल्यासारखं वाटत होतं. आज सांगताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वाच्या खोलीतला स्पीकर वाजेना. बैठकीत वाजत होतं, स्वयंपाकघरात वाजत होतं. अण्णाकडून आणलेला स्पीकर मी तिथं लावून पाहिला, तोही गप्प. मग माझी खात्रीच झाली की अण्णानं सूड उगवला.

अव्वा म्हणाली, "अण्णानं जोडलंय, त्याला ठावं आसंल. इचार की."

"त्याला कामून इचारू? त्यानंच केलंय हे."

तिच्या उशाशी मोबाइलवर वचनं लावून ठेवली, तर म्हणाली, "डास गुणगुणायलाय जणू. बंद कर." वायरमनला बोलावून नवी तार ओढतो म्हटलं, तर म्हणाली, "भिंतीला भोकं पाडू नको. अण्णाला इचार." मला वाटलं, म्हातारी थोरल्याची बाजू घेते. एक दिवस तोंडातून निघून गेलं, "मशीन माझं हाय, त्याचं न्हाई." त्यानंतर तिनं विषय काढला नाही. तशीच पूजा करू लागली, आवाजाविना.

मी रानात गेलो की अण्णा मागच्या दारानं तिच्याजवळ येऊन बसतो, हे मला ठाऊक होतं. मी त्याला अडवत नाही, हाच माझा मोठेपणा, असं मी धरून चाललो होतो. सोयाबीन पेरलं, निघालं, रास झाली. अव्वाचा स्पीकर बंदच होता. मग तिला ताप आला आणि दोन दिवसांत ती गेली.

माती देऊन आलो. माणसं पांगल्यावर तिच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. बोलायला दुसरं काही सुचेना म्हणून मी स्पीकरकडं बघत विचारलं, "हे कामून बंद पडलं?"

"माझ्या खोलीतला काढलास म्हणून. जोडीतल्या दोघांची तार एकच आसती. एक काढला की दुसराबी बंद पडतंय. ती दोन टोकं एकमेकाला जोडली आसती तरी वाजलं आसतं."

"टोकं तर तुझ्याच खोलीत हायत. मग जोडली कामून न्हाईस?" त्या दिवशीसुद्धा माझा आवाज चढलाच.

अण्णा म्हणाला, "जोडायलोच होतो. अव्वा नको म्हणली. 'जोडू नको, त्याला सांगूबी नको. इचारायला तुझ्याकडं येईल, तवा जोड,' म्हणली."

मी पलंगावर बसलो. ज्या वचनांवाचून तिची पूजा होत नव्हती ती तिनं सोडली होती, मी भावाच्या दारात जावं म्हणून. दहा पावलांचं दार. मला ती पावलं टाकता आली नाहीत, आणि आता टाकली तरी ती तिच्या काही उपयोगाची नाहीत. मी रडलो. अण्णा रडला नाही, त्याचं बहुतेक आधीच रडून झालं होतं.

"रोज इचारायची," तो म्हणाला. "'आला होता का' म्हणून."

"मग तू काय सांगायचास?"

"उद्या येईल म्हणायचो."