पार्सलमामांनी सांगितलेली गोष्ट

यार्डात डब्यांचं शंटिंग करताना माझ्या वडिलांचा, आबांचा पाय गेला आणि आई दौंडच्या लोको शेडबाहेर, इंजिनांच्या राखेतून कोळसा वेचू लागली. मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. रोज गाडीनं जायचे. माझं इंग्रजी कच्चं होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पार्सलमामा स्टेशनावरच्या पार्सल ऑफिसात बाबू होते. जुने मॅट्रिक. समोर माणूस येवो की आंब्यांची करंडी, त्यांचा पहिला प्रश्न एकच : "कुठनं कुठं?" एक हमाल म्हणाला, "सासुरवाडीला चाललोय, उद्या माघारी." मामा म्हणाले, "सांभाळ, तिथं डिलिव्हरी घेत्यात का बघ आधी!"

त्या वर्षी आम्हाला आयर्लंडमधल्या एका शहरातल्या साध्या माणसांच्या कथांचं पुस्तक नेमलं होतं. मी ते ग्रंथालयातून आणलं. मामा वजनकाट्याशेजारी बसून वाचायचे आणि मला मराठीत सांगायचे. मी त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी करून पाठ करायचे. "ह्ये शहर म्हंजी आपलं दौंडच की गं," ते म्हणायचे. "नदी हाय, दारू हाय, आन् जातो जातो म्हनत समदी हितंच."

दिवाळीनंतर आई म्हणाली, "बास झालं शिकणं. उद्यापासनं माझ्यासंगं चल."

मी मामांकडे गेले. "कॉलेज सोडलं. पुस्तक परत करायचंय."

"बस. एक गोष्ट राहिलीय." आणि त्यांनी सांगितली. घरच्या ओझ्याखाली पिचलेली एक मुलगी बोटीनं परदेशी निघते. "आन् चढली बघ बोटीत. मागं वळून बघितलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पुण्याची गाडी पकडली. आई आठ दिवस बोलली नाही.

परीक्षेत नेमकी तीच गोष्ट आली. मामांनी सांगितली तशीच लिहिली आणि इंग्रजीत नापास झाले. मुलगी धक्क्यावरच थांबते, हे सरांकडून कळलं.

"मामा, ती गेलीच नव्हती."

"ठावं हाय मला." ते करंडीवर स्टेशनचं नाव रंगवत होते. "तवा तू कॉलेज सोडून आली व्हतीस. तुला सांगू व्हय, ती माघारी फिरली म्हनून?"

मला राग आला नाही, रडूही आलं नाही. घरी जाऊन भाकरी थापल्या.

मग सगळं पुस्तक शब्दकोश घेऊन स्वतः वाचलं. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेच्या तोंडावर मामा ड्यूटीवर असतानाच वारले. छातीत कळ आली, असं हमाल म्हणाले. मी त्यांच्या घरी जाऊन बसले आणि उठून आले. दुसऱ्या दिवशी पेपर होता. तो दिला.

त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरात आधी कुणी झालं नव्हतं.