कडेवाडीचा कडा आणि पळवलेली बुंदी

फौजेच्या अख्ख्या नोकरीत घराजवळचं पोस्टिंग मला एकदाच मिळालं, आणि तेही एका दगडासाठी. साल एकोणनव्वद. दसरा होऊन गेला होता. आमची इंजिनियर कंपनी तेव्हा औरंगाबादेत होती. कंपनी कमांडरनी बोलावून विचारलं, "हवालदार, जालना जिल्हा तुझाच ना?"

"जी साब. बदनापूर."

"सेक्शन घेऊन नीघ. तुझ्या जिल्ह्यातला एक डोंगर सुटायला लागलाय."

भोकरदनच्या पुढं, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, कडेवाडी म्हणून छोटी वस्ती आहे. मागं काळ्या पाषाणाचा उभा कडा, त्याच्या पायथ्याशी मारुतीचं देऊळ. पावसाळ्यात वरून दोन धोंडे सुटले आणि एका गोठ्याचा चुरा झाला. जनावरं चरायला गेल्ती म्हणून वाचली. मंग तालुक्यावरून अर्ज गेला आणि आम्ही नऊ जण ट्रक घेऊन हजर झालो.

माझ्या सेक्शनमध्ये नायक गुमानसिंग होता. गढवालचा. बुटका, दांडगा आणि तोंडाचा फटकळ. ट्रकमधून उतरल्या उतरल्या कड्याकडं बघून खो खो हसला. "हवालदार साब, ये पहाड है? हमारे यहां तो इससे बडा पत्थर आंगन में पडा रहता है!"

माझ्या जिल्ह्याचा अपमान! म्हटलं, "चढून दाखव, मंग बोल." पठ्ठ्या दोर बांधून चढला. अर्ध्यावर गेल्यावर त्याचं हसणं बंद झालं. खाली आला तो एकदम शिस्तीत.

त्यानं सांगितलेलं तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. दगड असाच पडत नसतो. कुठला तुकडा निघणार हे तड्यांनी आधीच ठरवलेलं असतं. आपल्या काळ्या पाषाणाला उभ्या भेगा मूळच्याच असतात. त्यात पाणी शिरतं, पिंपळाची मुळं शिरतात, उन्हानं आणि गारव्यानं भेग रुंदावत जाते. या कड्याच्या बुडाशी लाल मऊ मातीचा थर होता, तो पावसानं धुपलेला. मागून एक तडा, बाजूनं दुसरा, खाली हा पोकळ थर. तिन्ही एकमेकांना मिळाले की ताटात कापलेल्या बर्फीची वडी सुटावी तसा तुकडा मोकळा होतो. आमची वडी दोन खोल्यांच्या घराएवढी होती, आणि ती नेमकी देवळाच्या अंगणावर झुकली होती.

सुरुंगाचं सामान सोमवारी यायचं होतं. तोवर नजर ठेवायची. गुमाननं गावातून शेण आणि माती आणवली, कालवली आणि तड्यावर आडव्या पट्ट्या थापल्या. काही वर माथ्याजवळ, तीन खाली देवळाच्या बाजूला, हाताला येतील अशा. पट्टी वाळली की कडक होते. तडा केसभर जरी हलला तरी ती मधोमध फुटते. यंत्र नाही, खर्च नाही. आम्ही सकाळी, दुपारी, संध्याकाळी पट्ट्या तपासायचो. गावातली पोरं म्हणायची, फौजी शेणाला सलाम करतेत.

अडचण निघाली ती शनिवारची. शनिवारी मारुतीचा भंडारा. सगळं गाव अंगणात पंगत मांडून जेवणार, कड्याच्या बरोबर खाली. मी सरपंच नारायणअप्पांना म्हटलं, "अप्पा, यंदा पंगत दुसरीकडं घ्या."

अप्पा म्हणाले, "देव इथं आन पंगत तिथं? आसं कुठं आस्तंय व्हय?"

बराच खल झाला. शेवटी पारावर चारचौघांसमोर ठरलं: पट्ट्या शाबूत असतील तर भंडारा अंगणात. एक जरी फुटली, तर अंगणात कुणी पाय ठेवायचा नाही. अप्पांनी शब्द दिला. ठरवणारे सगळे बाप्ये होते. गावातल्या बायांना कुणी चकार शब्द सांगितला नाही.

शनिवारी सकाळी पट्ट्या शाबूत. मी तसं अप्पांना सांगितलं. चुली पेटल्या, पुऱ्या लाटल्या, वांग्याची भाजी रटरटायला लागली, बुंदीची डेग भरली. दुपारी पहिली पंगत बसली. गुमान माथ्यावर वायरलेस सेट घेऊन होता, दुसरा माझ्याजवळ. मी खालच्या पट्ट्या बघायला गेलो, तर तिन्ही गुळगुळीत, ओल्या, हिरव्यागार. खाली रांगोळीसुद्धा काढलेली.

देवळाचं अंगण सारवणाऱ्या गयाकाकू पुऱ्यांचं टोपलं घेऊन चालल्या होत्या. माझ्याकडं बघून कौतुकानं म्हणाल्या, "काय बघून राह्यलास रे? मघाशी अंगण सारवाया आल्ते. तुमच्या पट्ट्या मधूनच तडकल्या व्हत्या, समद्या. देवाच्या दारात आसं पोपड्याचं बरं दिसतंय का? म्हून म्याच सारवून टाकल्या."

म्हणजे तडा हलला होता, आणि आमची खूणच लिंपली गेली होती. काकूंचा काय दोष? अंगण सारवताना फुटलेलं लिंपायचं, हा त्यांचा जन्माचा हात. मी सेट उचलला.

"माथा, माथा, मी पायथा. वरच्या पट्ट्या सांग. ओव्हर."

खरखर. मग गुमान. "आत्ताच दोन फुटल्या. सकाळी तड्यात बोटं जात होती, आता मनगट जातंय. खडे निसटताहेत. लोकांना उठवा साब. ओव्हर."

"तू बाजूनं उतर. जल्दी."

मी पंगतीपुढं उभा राहून ओरडलो, "उठा! समदे उठा! कडा येतोय!"

कुणी ढिम्म हललं नाही. अप्पा पुरी मोडत म्हणाले, "हवालदार, जेवत्या माणसाला उठवू न्हाई. दोन घास खाऊ द्या." मी खरोखर घाबरलो होतो. माझीच माणसं, माझ्याच जिल्ह्यातली, आणि एकाला तरी उठवता येईल तर शपथ.

तेवढ्यात गुमान घसरत खाली पोचला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पंगतीकडं पाहिलं आणि सरळ बुंदीच्या डेगीकडं गेला. दोन जवानांना हाक मारली, डेगीच्या दोन्ही कड्यांतून पहार घातली आणि तिघं डेग घेऊन समोरच्या वावराकडं पळत सुटले.

"अरं बुंदी! बुंदी नेली फौज्यानं!"

पोरं आधी उठली. त्यांच्यामागं त्यांच्या आया. गयाकाकूंच्या लक्षात काय ते आलं असावं. टोपलं कमरेवर घेऊन त्यासुद्धा धावल्या आणि ओरडल्या, "खायचं आसंल तं या वावरात!" मग काय विचारता, अख्खी पंगत उठली. सगळ्यात शेवटी अप्पा, हातात पत्रावळ, तोंडात शिव्या.

ते बांध ओलांडतात न ओलांडतात तोच मागं कुरकूर झाली, मग जमीन हादरली. धुरळा खाली बसला तेव्हा पत्रावळींच्या जागी धोंड्यांचा ढीग होता. देवळाची एक भिंत गेली. मारुती जागेवर होता. माणसं मोजली, सगळी होती.

हातातली पत्रावळ खाली ठेवून अप्पा म्हणाले, "देवानं वाचवलं."

गुमान बुंदी खात म्हणाला, "बिलकुल अप्पा. बजरंगबली ने ही कहा, डेग उठा ले."

सगळं वावर हसलं. अप्पाही हसले, मग रडले. पंगत पुन्हा बसली, ढेकळांत. भिऊन सगळ्यांनी कड्याकडं पाठ केली होती. एकटा गुमान तिकडं तोंड करून बसला. मी म्हटलं, आता तरी नीट जेव. तो म्हणाला, "साब, एक बार छूटा है, दुबारा भी छूट सकता है. किसी को तो देखना पडेगा."

दुसऱ्या वर्षी त्याची बदली त्याच्याच मुलखात झाली. रस्ता मोकळा करत असताना वरून दरड सुटली. त्यानं सोबतच्या पोरांना ढकलून बाहेर काढलं. स्वतः दरडीखाली राहिला. बातमी कळली तेव्हा मी स्टोअरच्या मागं जाऊन मनसोक्त रडलो. तो माझा भाऊच होता.

सुट्टीत कडेवाडीला जाऊन मी सांगितलं. अप्पा खाली बसले. गयाकाकूंनी एवढंच विचारलं, "त्याला माय हाय का रं?" मी हो म्हणालो. त्या आत निघून गेल्या.

भंडारा आता वावरातच होतो. मी पेन्शनीत आलो तरी दरवर्षी जातो. काकू थकल्यात, हात कापतात, पण पहिली पत्रावळ त्याच मांडतात आणि तिच्यावर बुंदी दुप्पट वाढतात. सगळ्या पत्रावळी कड्याकडं पाठ करून बसता येईल अशा असतात. तेवढी एक कड्याकडं तोंड करून. एकदा कुणा नव्या सुनेनं ती सरळ करायला हात घातला, तर काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाई. त्याला नजर ठिवायची आस्ती."